भिंगातला ठिपका

निघोजे, ४ ऑक्टोबर १९५६

आलो एकदाचा! पुण्याहून एस.टी.ने चाकण, चाकणहून बैलगाडी. गाडीवान असा अवली की वाटेत दोनदा खाली उतरून ओळखीच्यांबरोबर तंबाखू मळत बसला. तरी मी खूश आहे. दवाखाना नवाकोरा आहे, कौलं नवी, भिंतींचा चुना अजून हाताला लागतो. तपासणीच्या टेबलावर भरपूर उजेड पडतो, आणि डोळ्याच्या डॉक्टरला आणखी काय हवं? पुण्याच्या एका शेठजींच्या ट्रस्टने हा दवाखाना काढला, पण इकडे यायला कोणी शहाणा तयार होईना. मी झालो.

पुण्याच्या इस्पितळात थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली चार वर्षं काढली, तेवढी सजा पुरे. म्हाताऱ्याचा हात चांगला, पण तोंड कीर्तनकाराचं. डोळ्याला हात लावण्याआधी डोकं कोण धरणार ते बघ, रोग्याशी बोलत राहा, घाई करू नकोस. भर वॉर्डात, नर्सांसमोर म्हणाला की तुझ्या हाताला घाई आहे आणि डोक्याला ताठा. त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. वर्षभरात इथे शंभर मोतीबिंदू काढीन आणि कागद त्याच्या टेबलावर नेऊन आपटीन.

कंपाउंडर ज्योतीराम साताऱ्याकडचा आहे. सतत हात जोडून बोलतो, आणि हात जोडलेले असल्यामुळे त्यांनी दुसरं काही करत नाही. सारजाबाई नावाची विधवा दोन वेळा भाकरी करून देते. भाकरी उत्तम. गावात एवढी एकच गोष्ट उत्तम आहे.

९ ऑक्टोबर

पाच दिवसांत माणसांची पारख झाली. डोळा आला की कोणी बाळंतिणीचं दूध घालतं, कोणी मध, कोणी कांद्याचा रस. हे सगळं करून डोळा टोमॅटोसारखा लाल झाला की मग डागदराकडे. उशिरा का आलात विचारलं तर हसतात. दात मात्र सगळ्यांचे पांढरेशुभ्र, जळवायला.

आणखी एक खूळ. इथे रोगी एकटा येतच नाही. डोळ्यात साधा थेंब टाकायचा तरी घरचं माणूस मागे बसतं, दोन्ही तळव्यांत रोग्याचं डोकं धरतं आणि कानाशी तोंड नेऊन अखंड बोलतं. म्हैस आटली, कांद्याला भाव नाही, धाकटीला दात आला. ज्योतीराम म्हणतो, इकडची रीतच आहे साहेब, घरचा आवाज कानात असला की माणूस हलत नाही. मी सांगितलं की दवाखान्यात रीत माझी चालेल. आजपासून सगळे नातेवाईक पायरीच्या खाली. हा दवाखाना आहे, लग्नाचा मांडव नाही.

१५ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आलीय, त्यामुळे घरोघर जात्यांना टाकी लावणं चाललंय. वर्षभर दळून दगड गुळगुळीत होतो, तो छिन्नी-हातोडीने ठोकून पुन्हा खडबडीत करायचा. हे काम करणारी तानाबाई आज आली. चाळिशीची, काळीकभिन्न, मनगटं पैलवानाची. छिन्नीची बारीक कपची उडून डाव्या डोळ्यात गेली. नवऱ्याने, चिमाजीने, धोतराच्या टोकाने ती काढली म्हणे. त्या टोकाने सकाळपासून काय काय पुसलं असेल ते तोच जाणे.

बुबुळावर टाचणीच्या टोकाएवढी जखम आहे, आपोआप मिटलेली. थेंब दिले, पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, आठ दिवस स्वस्थ पड म्हणून बजावलं. बाई उठली ती थेट पाटलाच्या घरी जातं ठोकायला गेली. आता बोला!

२६ ऑक्टोबर

तानाबाईच्या डोळ्यातल्या भिंगात पांढरा ठिपका आलाय. मार लागून येतो तसला मोतीबिंदू. थेंब चालू ठेवले, पिकला की काढू. ती म्हणते, आत ठणकतं, दगडाला टाकी लावल्यागत. मी म्हटलं, मोतीबिंदू ठणकत नसतो. ती म्हणाली, “मंग ह्यो त्यो न्हाई.” म्हणजे आता निदानही हीच करणार!

ज्योतीरामने जाता जाता तोंड उघडलं, की साहेब, ठिपका पांढरा नाही, पिवळट दिसतो. मी त्याला बाटल्या धुवायला पाठवलं.

६ नोव्हेंबर

पिवळट आहे. पू आहे. भिंगाच्या आतच पू धरलाय.

पुस्तकात या रोगाला चार ओळीसुद्धा दिलेल्या नाहीत. म्हाताऱ्याने सगळ्या आयुष्यात तीन पाहिले, आणि ते तीन आम्हाला तीनशे वेळा ऐकवले. भिंग म्हणजे मसुराच्या डाळीएवढी झाकण लावलेली डबी. तिला रक्तवाहिनी नाही. कपचीबरोबर जंतू आत जातात, वरचं भोक मिटतं, आणि मग दंडात टोचा की डोळ्यात थेंब टाका, औषध आत पोचतच नाही. दहा मैलांवर पिंपरीला पेनिसिलीनचा नवा कारखाना उभा आहे, तिथलं सगळं पेनिसिलीन हिच्या अंगावर ओतलं तरी त्या डबीत थेंब जायचा नाही. भिंग फोडून पू आणि गर बाहेर काढायचा, हाच इलाज.

ज्योतीराम म्हणतो, पुण्याला पाठवू. म्हणजे म्हातारा पहिल्यांदा विचारणार, अकरा दिवस मोतीबिंदू समजून बसलेला गाढव कोण? मुळीच नाही. इथेच करणार. झाल्या उशिराला जबाबदार तीच आहे, आठ दिवस पडून राहायला सांगितलं होतं.

१२ नोव्हेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण केसपेपरवर ते लिहिणार नाही.

सकाळी नऊला तानाबाईला टेबलावर घेतलं. चिमाजी डोकं धरतो म्हणून हटून बसला. दाराला पाठ लावून उभा राहिला, रडला, पाया पडला. त्याला हाताला धरून पायरीखाली घातला आणि कडी लावली. ज्योतीरामला उजेड धरायला उभं केलं. डोळा बधिर केला. सुई बुबुळातून आत, भिंगाच्या पडद्यापर्यंत बिनतक्रार गेली. हात माझा काय सुरेख चालला होता! पू दिसला, दह्यासारखा. तेवढ्यात बाई म्हणाली, कोणीतरी बोला हो. मी म्हटलं, गप्प पड. पुन्हा म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. मग तिने मान उचलली आणि तो पैलवानी हात वर आला. माझ्या मनगटावर बसला. मी तिच्यावर वाकलेला होतो.

सुई माझ्या उजव्या डोळ्यात गेली. तीच सुई, तिच्या भिंगातून निघालेली.

फार नाही. टोचली आणि निघाली. दुखलंसुद्धा नाही. तानाबाईच्या डोळ्यातून मात्र पाणी वाहून गेलं, डोळा बसला. चिमाजी दार तोडून आत आला, तिला पाठीवर घेतली आणि शिव्या देत गाडी जुंपून पुण्याला गेला. केसपेपरवर लिहिलं: रुग्णाने सल्ला न मानता दवाखाना सोडला. ज्योतीरामने सही करायला नकार दिला. मी त्याला नोकरीची आठवण करून दिली. केली सही.

१४ नोव्हेंबर

दाढीच्या आरशात पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढी जखम, आपोआप मिटलेली. दर तीन तासांनी थेंब घेतो, दंडाला पेनिसिलीन घेतो. ज्योतीराम टोचतो आणि तोंड पाडतो. अंत्ययात्रेला आल्यासारखा चेहरा करून वावरू नकोस, असं त्याला सांगितलं. दृष्टी स्वच्छ आहे. आज सात रोगी तपासले, सगळे मूर्ख.

१९ नोव्हेंबर

आरशात ठिपका आहे.

पाण्याचा डाग असेल म्हणून आरसा पुसला. नव्हता. भिंगात, जरा खालच्या बाजूला, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. पांढरा.

पांढरा नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातला ओळखायला मला अकरा दिवस लागले, स्वतःचा अर्ध्या मिनिटात ओळखला.

आज दिवस सातवा. चौदा दिवस आहेत. हा म्हाताऱ्याचाच हिशेब, पण बरोबर आहे. जखमी डोळा आत सडत राहिला तर काही आठवड्यांनी धडधाकट डोळासुद्धा त्याच्यामागे जातो. असं का होतं ते कोणालाच नीट ठाऊक नाही. चौदा दिवसांत भिंग निघालं आणि डोळा निवला तर ठीक, नाहीतर अख्खा डोळा काढून टाकायचा, दुसरा वाचवायला. वेळ भरपूर आहे. घाबरण्यासारखं काही नाही. मी काही तानाबाई नव्हे.

२२ नोव्हेंबर

ठणकतं. दगडाला टाकी लावल्यासारखं, अगदी तसंच, ठोक्यामागून ठोका. बाईने शब्द बरोबर वापरला होता, मेली.

ज्योतीराम म्हणतो, साहेब पुण्याला चला, मी येतो बरोबर. बातमीही त्यानेच आणली: तानाबाईचा डोळा काढला, चौदा दिवस उलटूनही दुसरा नशिबाने शाबूत आहे, आणि ती अजून म्हाताऱ्याच्याच वॉर्डात आहे. म्हणजे मी जाऊन तिच्या शेजारच्या खाटेवर पडायचं. म्हातारा विचारणार, डोकं कोणी धरलं होतं? आणि मी उत्तर द्यायचं, कोणी नाही. चार पोरसवदा डॉक्टर मागे उभे राहून ऐकणार. चौथी तानाबाई, पाचवा मी, असं पुढची वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत राहणार.

नाही.

२५ नोव्हेंबर

गेलो होतो. लिहायलाही लाज वाटते.

सकाळी उलटी झाली, तेव्हा घाबरलो. काळा चष्मा लावला, चाकणला एस.टी. पकडली. मोशी गेली. भोसरीला गाडी थांबली, चष्म्याला घाम आला म्हणून काढला. शेजारी कांद्याचं पोतं घेऊन बसलेली बाई माझ्याकडे पाहून चुकचुकली. म्हणाली, “आगं बया, फूल पडलंय की डोळ्यात! उशीर का केला रं बाबा?” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. कांद्याचा हात! माझ्या पाठीवरून! सगळी गाडी वळून बघायला लागली. सगळ्यांच्या तोंडावर दया. असल्या लोकांची दया मला!

उतरलो. परतीची गाडी येईपर्यंत दोन तास उन्हात उभा राहिलो.

उद्या चौदावा.

२६ नोव्हेंबर

आज जाणार नाही. चौदा हा काही शास्त्राचा आकडा नव्हे, म्हाताऱ्याची जुनी खोड आहे. सोळा, अठरा दिवसांनी डोळा निवल्याचीही उदाहरणं असतील. डाव्या डोळ्याने वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचली, सगळी लागली. तीनदा वाचून पाहिली.

उजव्यात आता ठिपका नाही. सगळं भिंगच पांढरं आहे.

२९ नोव्हेंबर

तानाबाई आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने माझ्याकडे नीट बघत होती. शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो. दिल्या नाहीत. म्हणाली, माझाच हात लागला, तवापासून जेवण ग्वाड लागंना, मोठ्या डागदरास्नी समदं सांगून टाकलं, तुमच्या डोळ्याचं कंपाउंडरकडनं कळलं त्येबी. पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली.

म्हाताऱ्याचं अक्षर. “आजच्या आज ये. डोळा काढावा लागेल, पण दुसरा वाचेल. काही विचारणार नाही.”

काही विचारणार नाही! म्हणजे सगळं माहीत आहे आणि वर मोठेपणा. मला माफी! जात्याचे दगड ठोकणाऱ्या बाईच्या गाठीतून मला माफी! चिठ्ठी चुलीत घातली. सारजाबाई भाकरी थापत होती, तिने ती हाताने काढायला पाहिलं, बोटं भाजून घेतली. तानाबाईला पायरीखाली जायला सांगितलं. ती गेली, पण गावात गेली नाही. पायरीखालीच बसून राहिली, दिवस मावळेपर्यंत.

तिथून म्हणाली, “डागदर, आमी तुमचं डोकं धरू. चला.”

खिडकी लावून घेतली.

४ डिसेंबर

ठणका थांबला. जिंकलो! उजवा मेला, मरो. डावा ठणठणीत. ज्योतीरामला मुद्दाम हाक मारून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्याने हात जोडले.

११ डिसेंबर

दुपारी उन्हाकडे बघवेना. डाव्याने. झोप नाही म्हणून असेल.

१२ डिसेंबर

झोप झाली. तरी बघवत नाही. बुबुळाच्या कडेला लाली आहे — आरशात — नीट दिसत नाही, आरसा खराब आहे.

आरसा खराब नाही.

१४ डिसेंबर

वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं लागतात. बारीक नाही. काल लागत होती. काल खरंच लागत होती, की मला पाठ झाली होती —

ज्योतीरामला विचारलं, डोळा कसा दिसतो. तो बाटल्या धूत राहिला. मी ओरडलो. मग म्हणाला, साहेब, तुम्हीच शिकवलंत, निदान करणं माझं काम नाही. माझ्या तोंडावर असं बोलतो! आणि मग रडायला लागला मूर्ख.

१६ डिसेंबर

सगळीकडे धूर. चुलीचा नाही. सारजाबाई ताट ठेवते, भाकरी कुठे ते चाचपडावं लागतं. तिने हात धरून भाकरीवर ठेवला. झिडकारला. ताट उपडं झालं.

रोगी येणं बंद झालं आहे. पायरीशी येतात, बघतात, जातात. काय बघतात ते मला —

१९ डिसेंबर

भीती वाटते. लिहून टाकतो, वाचणार कोण? मला भीती वाटते. आई आठवते. डावा डोळा माझा चांगला होता, त्याला कोणी टोचलं नव्हतं, त्याचा काय गुन्हा — मीच मारला. बसल्या बसल्या. रोज आरशात बघत.

कॉर्टिझोनने अजून थोडा वाचेल. पुण्याला मिळतं. म्हाताऱ्याकडे आहे. थोडा उजेड राहिला तरी चालेल. माणसं ओळखण्यापुरता. नाही, तेवढाही नको, दार कुठे ते कळण्यापुरता —

२१ डिसेंबर

ज्योतीरामला सांगितलं, जाऊ. मला वाटलं तो म्हणेल, आता कशाला. म्हणाला नाही. धावत गेला.

चिमाजी उद्या गाडी आणतो. उजाडलं की निघायचं. तानाबाईही येणार आहे. कोणाला नाही म्हटलं नाही.

माझी चूक झाली असं म्हाताऱ्याला सांगेन. वॉर्डात, सर्वांदेखत. नुसता थोडा उजेड —

२२ डिसेंबर

तयार होऊन बसलोय. कोट घातला. अजून उजाडलं नाही. ओळी अंदाजाने लिहितोय. ज्योतीरामला कंदील आण म्हटलं, आणत नाही. दाराशी उभा आहे, नाक ओढल्याचं ऐकू येतं.

म्हणतो, साहेब, नऊ वाजले.

खोटारडा. चिमाजीलाही फितवलंय, तोही म्हणतो, व्हय, दिस कवाच वर आलाय. गाव एक झालंय माझी गंमत करायला. अडाणी, नीच, कृतघ्न — उजाडू दे, एकेकाला बघून घेतो —

शाळेत पोरं पाढे म्हणतायत. एवढ्या अंधारात शाळा कोणी —

हातावर ऊन आहे. कढत. हात हलवला, तरी ऊन. ज्योतीराम, खिडकी उघडी आहे का रे — ऊन आहे आणि मला